सांबरशिंगी चाकूवरची फुली

३ जून १९४५, कोपरगाव

सेवानिवृत्त होऊन आज एक महिना झाला. मामलेदार कचेरीचं दफ्तर बत्तीस वर्षं सांभाळलं, त्याबद्दल शाल, नारळ आणि साहेबांचं भाषण मिळालं. भाषणात माझं नाव एकदा नरहरपंत झालं आणि एकदा नरसोपंत. मी नृसिंह. टाळ्या बराच वेळ वाजल्या, तेव्हा त्या आम्हा तिघांनाही मिळून असाव्यात.

समारंभ आटोपल्यावर माझ्या जागी आलेला कारकून म्हणाला, "पंत, तेवढा चाकू." आधी बोरू आणि पुढे पेन्सिली तासायला कचेरीने दिलेला घडीचा चाकू. बत्तीस वर्षं माझ्या कोटाच्या उजव्या खिशात होता. पण डेडस्टॉकच्या वहीत चढवलेला, म्हणून त्याने सही घेऊन तो जमा करून घेतला. ती वही मीच लिहिलेली. इतकी चोख लिहायला नको होती.

तेव्हापासून खिसा हलका लागतो. म्हणून ठरवलं आहे की जुने घडीचे चाकू जमवायचे, गंजलेले दुरुस्त करायचे आणि त्यांची रीतसर नोंद ठेवायची. आज वहीत रकाने आखले: क्रमांक, वर्णन, कोठून आला, शेरा. सौ. म्हणाली, "लोक या वयात काशीला जातात." काशीला जुने चाकू मिळत असल्यास माझी हरकत नाही, असं मी तिला सांगितलं.

१० जून

दोन चाकू झाले. नंबर एक राहात्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळाला. नंबर दोन पोस्टमास्तर दत्तोपंतांनी दिला. त्यांच्या वडिलांचा आहे. देताना त्यांनी वडिलांच्या आठवणी सांगितल्या, त्या चाकूपेक्षा बऱ्याच लांब होत्या.

शिकण्यासाठी बाजारतळावर सत्तार शिकलगारांकडे जातो. यांचे पूर्वज तलवारींना पाणी देत. सत्तारभाई विळे, कात्र्या आणि अडकित्ते परजतात. तलवारी कमी झाल्या तरी सुपारी खाणारे कमी झालेले नाहीत, ही त्यांच्या दृष्टीने बरी गोष्ट. त्यांनी पहिला धडा दिला: चाकू रॉकेलमध्ये रात्रभर बुडवायचा, घाई करायची नाही, अडकलेलं पातं ओढायचं नाही. रेशनच्या रॉकेलपैकी अर्धी बाटली चाकूंनी घेतली. त्यामुळे घरात दिवा लवकर मालवावा लागतो आणि माझं वाचन बंद पडलं आहे. सौ.चं बोलणं अंधारातही चालतं.

आणखी एक गंमत. काम झाल्यावर सत्तारभाईंनी चाकू माझ्या हातात दिला नाही. फरशीवर ठेवला आणि मी उचलायची वाट पाहत बसले. आमच्या सौ.चीही हीच तऱ्हा. सुरी हातातून हातात दिली की ताटातूट होते म्हणे. मी लग्नापासून तिला हातातच देत आलो आहे. ती हात मागे घेते आणि "खाली ठेवा" म्हणते. ताटातूट अजून झालेली नाही. एवढ्या वर्षांच्या पुराव्यावरून ही समजूत निराधार ठरते.

१७ जून

आजचा दिवस सोन्याचा. साखर कारखान्यातला गोरा इंजिनियर मायदेशी निघाला, त्याच्या बंगल्यातल्या सामानात हा चाकू मिळाला. नंबर सात. विलायतेतल्या शेफील्डचा, सांबरशिंगाची मूठ, एकच पातं. उघडताना 'खट्', मिटताना 'टप्'. सत्तारभाईंनी डोळे मिटून तीनदा ऐकला आणि म्हणाले, "बोलतोय पंत. असा आता मिळत न्हाई."

घरी आणून सौ.ला दाखवला. तिने विचारलं, "याने भेंडी चिरता येईल का?" अशा चाकूने भेंडी चिरणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगण्यात तासभर गेला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे येत नाही."

१ जुलै

नंबर दोन पुरा केला. पोस्टमास्तरांच्या वडिलांचा चाकू काळा पडला होता, मुठीवर ओरखडे होते, टोकाच्या पितळी टोपीवर काहीतरी खरवडलेलं होतं. चार दिवस कानस आणि पॉलिश कागद घेऊन बसलो. आता त्यात तोंड दिसतं.

सत्तारभाईंना नेऊन दाखवला. शाबासकीची अपेक्षा होती. त्यांनी चाकू उन्हात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "पंत, गंज काढायचा आसतो. वय न्हाई काढायचं."

शिष्य पुढे जायला लागला की गुरूला असंच होतं.

पोस्टातही नेला. दत्तोपंत बघतच राहिले. म्हणाले, "हा माझ्या वडिलांचा चाकू नव्हे." मी म्हणालो, तोच आहे. ते म्हणाले, "टोपीवर त्यांनी स्वतः कोरलेली अक्षरं होती." तो खरवडलेला भाग म्हणजे अक्षरं होती होय! अक्षर इतकं वाईट असेल तर त्यात माझा काय दोष? तिकिटं घ्यायला आलेल्या सगळ्यांना त्यांनी ही हकीकत सांगितली. आता गावभर झालं आहे की पंतांकडे चाकू दिला तर मालकाला ओळखू येत नाही. प्रसिद्धी कशीही झाली तरी ती प्रसिद्धीच.

१९ जुलै

आज पहिलं गिऱ्हाईक आपण होऊन दारात आलं. नदीपलीकडच्या बेटातली बनुबाई. आमच्याकडे दहा वर्षं दूध घालते. नवरा कधीच वारला, एकुलता मुलगा सहादेव चार वर्षांपूर्वी पलटणीत गेला. दूध मापून झाल्यावर ती गेली नाही, उंबऱ्याशी बसून राहिली. मग कमरेची चिंधी सोडून तिने एक चाकू जमिनीवर ठेवला. मातीने आणि गंजाने भरलेला, मिटून घट्ट बसलेला.

"कुठे मिळाला?" मी विचारलं.

"घरात पडला हुता," ती म्हणाली. "तुमी लई झ्याक करता म्हनं."

मी नम्रपणे कबूल केलं.

"मंग असा करा की कुनाला वळखू येऊ नये."

इतकी जाणकार मागणी अजून कोणी केली नव्हती. कचेरीतल्या बी. ए. झालेल्या लोकांना जे कळलं नाही, ते एका अडाणी दूधवालीला कळलं.

२१ जुलै

बनुबाईचा चाकू मूळचा फार चांगला निघाला. सांबरशिंगी मूठ, एक पातं, माझ्या नंबर सातचा गरीब भाऊ. पातं सुटत नव्हतं म्हणून सत्तारभाईंकडे नेला. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याने मूठ पुसली आणि अंगठा एका जागी थांबला. मग चाकू फडक्यावर ठेवून दिला.

"ह्यो कुनी दिला?"

"बनुबाईने."

त्यांनी फडक्याचं टोक चाकूवर ओढलं. मग म्हणाले, "ह्ये काम मी करनार न्हाई. तुमी बी करू नका. आधी बनुबाईला इचारा."

"काय विचारू?"

"इचारा तर खरं."

आणि भर दुपारी दुकानाची फळी लावून घरी गेले. आता यात विचारायचं काय? काम तिने दिलं आहे, कसं करायचं तेही सांगितलं आहे. हा सगळा जळफळाट आहे. इतकी वर्षं गावातलं सगळं लोखंड त्यांच्याकडे जात होतं, आता एक चाकू माझ्याकडे आला तर पोटात दुखलं. माणूस चांगला असला तरी माणूसच.

२६ जुलै

सहा दिवस लागले, पण काम उत्तम झालं. पातं रॉकेलने सुटलं. मुठीवर कोणा गाढवाने विळ्याने की कशाने एक खोल फुली मारून ठेवली होती. चांगल्या सांबरशिंगाची अशी नासाडी बघवत नाही. अर्धा दिवस कानस चालवली तेव्हा कुठे ती गेली. मूठ थोडी बारीक झाली, पण हात फिरवला तर लोण्यासारखी लागते.

२७ जुलै

बनुबाईला चाकू दिला. हातात देत होतो, तिने घेतला नाही, म्हणून खाली ठेवला. तिने उचलून मुठीवर अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा त्याच जागी, मग मूठ उलटून. आता तिथे काही नव्हतंच.

"लई झ्याक झालं," ती म्हणाली आणि चिंधीत गुंडाळून निघून गेली. दुधाची चरवी आमच्याकडेच विसरली.

सौ. म्हणाली, "ती रडत होती का हो?"

मी म्हणालो, कलेची कदर असणाऱ्या माणसाला असं होतं. सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

१७ ऑगस्ट

लढाई संपली. कचेरीवर निशाण लागलं, शाळेत पेढे वाटले. ज्या मास्तरांना जपान नकाशात दाखवता येत नाही त्यांनी जपानवर भाषण केलं. रॉकेलचं रेशन मात्र आहे तेवढंच. आता पलटणीतली मुलं परत येतील असं सगळे म्हणताहेत. सौ. बनुबाईला म्हणाली, "आता तुझा सहादेव येईल बघ." बनुबाई दूध मापत राहिली. माप दोनदा सांडलं.

२० ऑगस्ट

आजचं आजच लिहून काढतो.

सकाळी बनुबाई एक सरकारी कागद घेऊन आली. इंग्रजी. "कागुद भरून द्या," म्हणाली. वर तारीख नऊ जुलै. सरकारी टपाल दीड महिना कुठे रखडलं होतं कोण जाणे, म्हणून मी आधी टपालखात्याला चार शब्द ऐकवले. मग वाचलं.

शिपाई सहादेव इटलीत गेल्या सप्टेंबरपासून बेपत्ता. लढाईच्या जागी एक वस्तू सापडली, ती त्याची असावी असा अंदाज, सोबत पाठवली आहे. घडीचा चाकू, शिंगाची मूठ, एक पातं. वारसाने वस्तू पाहून ओळखीची खूण कळवावी. ओळख पटल्यास शिपाई कामी आला असं धरलं जाईल. न पटल्यास वस्तू परत पाठवावी, नाव बेपत्तांच्या यादीत राहील.

मी विचारलं, "कुठला चाकू?"

तिने चिंधी सोडून तो खाली ठेवला. माझं काम, लखलखीत.

"सहादेवच्या चाकूवर काही खूण होती?"

"व्हती की. मला नाव लिवता येत न्हाई. पलटणीत दुसऱ्याच्या चाकूत मिसळू नये म्हनून जाताना म्या इळ्यानं फुली मारल्ती मुठीवर." तिने मूठ माझ्यासमोर धरली. "ह्याच्यावर हाय का फुली? बगा. न्हाई. म्हंजी ह्यो त्याचा न्हाई. लिवा."

आणि हसली. दहा वर्षांत ही बाई हसलेली मी पाहिली नव्हती.

चष्मा सापडत नाही, उद्या लिहितो, असं मी म्हणालो. चष्मा नाकावर होता.

२१ ऑगस्ट

ते गाढव मीच. विळ्याची फुली एका आईने मारली होती आणि ती मी अर्धा दिवस खपून पुसली. पोर गेलं आहे आणि तिला ते माहीत नाही, कारण मला मूठ लोण्यासारखी हवी होती.

सांगितलं तर ती मरेल. नाही सांगितलं तर जन्मभर खोट्या आशेवर बसेल, आणि ती आशा माझ्या कानशीने घडवलेली. कचेरीत बत्तीस वर्षांत मी एका कागदावरची एक मात्रा खोडली नाही. एका जहागीरदाराने वतनाच्या कागदात एक अक्षर बदलायला सांगितलं होतं, त्याला मी दारातून घालवलं. आता घरात बसून एका माणसाचा मृत्यूच खोडून ठेवला.

जेवण गेलं नाही. सौ.ने कारण विचारलं नाही, यावरून चेहरा कसा दिसत असेल ते समजलं.

२४ ऑगस्ट

बनुबाई रोज विचारते, "लिवलं का?" मी रोज नवं कारण सांगतो. आज शाई संपली होती.

शेवटी सत्तारभाईंकडे गेलो आणि त्यांच्यावरच ओरडलो. तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही? ते विळा परजत होते. चाक थांबवलं.

"त्यो चाकू म्याच दिल्ता पोराला," ते म्हणाले. "पलटणीत चाललो म्हनला, तवा माझ्याकडला सगळ्यात चांगला काढून दिला. दुसऱ्या रोजी त्याची आई आली, त्यावर फुली मारली म्हनून सांगाया. मला वाईट वाटंल म्हनून. बोट फिरवलं अन् वळखला. पन तिनं तुमाला दिल्ता, मला न्हाई. तिचं गुपित मी कसं फोडू? म्हनून म्हनलं, इचारा."

जळफळाट म्हणे. लाज वाटली. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसलो आणि काय करू म्हणून विचारलं.

"जावा. तिला सांगा जे केलंय त्ये."

२९ ऑगस्ट

पाच दिवस धीर झाला नाही. आज नदीपलीकडे बेटात गेलो. बनुबाई गोठ्यात म्हशीची धार काढत होती. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"बनुबाई, त्या चाकूवर फुली होती. मी ती तासून काढली. मला माहीत नव्हतं. तुम्ही मला क्षमा करा."

दहा वर्षं मी तिला अगंतुगं करत आलो. आज तोंडातून तुम्ही का गेलं ते मलाही सांगता येणार नाही.

तिने धार थांबवली नाही. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"फुली हुती त्ये. गाठोडं सोडलं अन् बोट लावलं तवाच कळलं. माझ्याच हातची हाय, मला न्हाई कळनार?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं आस्तं तर तुमी तासली आस्ती व्हय?"

 चरवीत धार पडत होती तिचाच आवाज. मग ती सावकाश बोलू लागली. "पोस्टात दत्तोपंतांनी कागुद वाचून दावला. खूण असली तर पोरगं गेलं, नसली तर हाय. मी थितंच बसले. तितं एक बाई सांगत हुती, पंतांनी पोस्टमास्तराच्या बापाचा चाकू असा घासला की लेकाला वळखंना. मंग मी इचार केला. सत्तारभाईकडं नेला आस्ता तर त्यानं निस्ता गंज काढला आस्ता. तुमी समदं काढता."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कोणत्याही साहेबाने केलं नाही. आणि मी त्याच गोठ्यात, शेणात उभा राहून, लहान मुलासारखा रडलो. तिने पदराला हात पुसले आणि मला एक वाटी धारोष्ण दूध दिलं.

"ह्यो त्याचा न्हाई, आसं लिवा," ती म्हणाली. "सरकारनं मेला म्हनलं की मग सगळं गाव म्हननार. यादीत आसू द्या त्याचं नाव. एवढंच मागते."

मी म्हणालो, लिहितो. मग ते वाक्य आठवलं: न पटल्यास वस्तू परत पाठवावी. तेही तिला माहीत होतं. म्हैस रवंथ करत होती आणि बनुबाई कनवटीला हात लावून बसली होती, जिथे तो चाकू होता.

"द्यायचा की परत," ती म्हणाली. "पोरगं ऱ्हावं म्हनून चाकू द्यायचा."

३१ ऑगस्ट

दोन दिवस माझ्या पेटीसमोर बसून होतो. घडीचा चाकू, शिंगाची मूठ, एक पातं. कागदात एवढंच वर्णन आहे. माझ्या वहीतलं नंबर सातचं वर्णन तंतोतंत हेच.

बरेच उपाय सुचले. बाजारातून कुठला तरी जुनाट चाकू आणून सहादेवच्या चाकूऐवजी पाठवता येईल, असा एक. तो पळपुटेपणा होता, कारण बाजारात सांबरशिंगी मिळत नाही हे मला माहीत आहे. नंबर सात उघडला. खट्. मिटला. टप्. सत्तारभाईंकडे घेऊन गेलो आणि म्हणालो, "याला गंज चढवायचा आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कारण सांगितलं. त्यांनी नंबर सात कानाशी धरून एकदा ऐकला, शेवटचा. मग घरातून मीठ आणि लिंबू मागवलं.

६ सप्टेंबर

शिकलगारांच्या इतक्या पिढ्यांत गंज चढवण्याचं काम पहिल्यांदाच आलं असावं. मिठाच्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवायचा, पुन्हा बुडवायचा, मग ओल्या मातीत पुरायचा. सत्तारभाई रोज चाकू उकरून बघतात आणि हळहळतात. चौथ्या दिवशी पातं बसलं. आज मूठही मळकट दिसते. इतकं वाईट काम इतक्या काळजीने मी कधी केलं नव्हतं.

सौ.ने पाहिलं आणि विचारलं, "हाच ना तो, भेंडी न चिरणारा?" मी हो म्हणालो. मग सगळं सांगितलं. तिने पार्सल शिवायला स्वतःच्या जुन्या पातळाचं चांगलं, घट्ट विणीचं कापड काढून दिलं.

८ सप्टेंबर

आज फॉर्म भरला. "वस्तू पाहिली. ओळखीची खूण आढळत नाही. वस्तू आपली नव्हे." खाली बनुबाईचा अंगठा, साक्षीदार म्हणून माझी सही. वाक्य खरं आहे. पार्सलमधल्या चाकूवर खरोखरच फुली नाही. माझ्या सहीखाली गेलेला पहिला खोटा कागद आणि त्यात एक शब्द खोटा नाही. कचेरीत असतो तर या मसुद्याबद्दल बढती मिळाली असती.

दत्तोपंतांनी पार्सल तोललं. वर पत्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. कागद त्यांनीच वाचून दाखवला होता, तेव्हा त्यांना काय कळायचं ते कळलं असणार. त्यांनी शिक्का मारला, दोनदा, नीट उमटेपर्यंत. आणि म्हणाले, "वडिलांच्या चाकूचं मी मनावर घेतलेलं नाही, पंत." हा माणूस इतकं कमी बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

वहीत नंबर सातसमोर शेरा लिहिला: रवाना.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी

शेजारच्या संवत्सर गावची दोन मुलं पलटणीतून परत आली. सहादेवचं नाव यादीत आहे. एवढीच खबर.

आज हत्यारांची पूजा. सौ.ने चाकू पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. सत्तारभाईंनी आपली एक कानस पाठवली होती, तीही पाटावर ठेवली.

दूध घालायला बनुबाई आली, तिच्याजवळ चिंधी होती. बसली आणि चाकू काढून म्हणाली, "जरा धरा." मी तो दोन्ही हातांनी पाटावर दाबून धरला. तिने कमरेचा विळा काढला आणि माझ्या सहा दिवसांच्या कामावर, ज्या जागी होती त्याच जागी, जोर लावून पुन्हा फुली मारली. शिंगाचा भुसा माझ्या धोतरावर पडला. कामाची अशी नासाडी माझ्यासमोर झाली आणि मी चाकू हलू दिला नाही.

"आता सरकारचं काम झालं," ती म्हणाली. "त्यो आला की वळखंल."

मग चाकू तिने खाली ठेवला, माझ्याकडे सरकवला. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझ्या घरात ओलीनं गंजतो."

मी म्हणालो, "राहू दे. तेल घालत जाईन."

ती उठली, पुन्हा बसली. "पंत, तवा टेसनवर ह्यो घरीच ऱ्हायला हुता. मी पळत घेऊन गेले. गाडी सुटल्ती. त्यानं खिडकीतून हात काढला अन् म्या हातात दिला. खाली ठिवाया जागाच न्हवती." तिने पाटावरून घरंगळलेलं झेंडूचं फूल परत जागेवर ठेवलं. "तुमी शिकल्यासवरल्याली मानसं. तुमी म्हनता ह्ये समदं खोटं आस्तं. आसंल. पन त्यो आला अन् मी नसले, तर तुमीच द्या. हातात देऊ नका. खाली ठिवा, त्यानं उचलू द्या."

मी बरं म्हणालो.

ती गेल्यावर सौ. कोहळा घेऊन आली आणि तो कापायला सुरी मागितली. मी सुरी जमिनीवर ठेवली आणि हात काढून घेतला. सौ. क्षणभर थांबली. मग वाकून तिने ती उचलली.